पेटीचं दुखणं

बन्सीलाल : वहिनी, बॅटरी जरा खाली धरा. खाली म्हणजे इकडे. माझ्या कानावर नको, पाइपवर.

लता : कानही बघून घेते, बन्सीभाऊ. मागच्या वेळी मी जे सांगितलं त्यातलं काहीच आत गेलं नव्हतं.

बन्सीलाल : घ्या! डीप फ्रीजर बिघडला की मेकॅनिकची थट्टा फुकट.

लता : पहिल्यांदा आलात तेव्हा झाकणाचं रबर बदललं. दुसऱ्यांदा थर्मोस्टॅट बदलला. आता बदलायला या घरातली माणसंच उरलीत.

झुंबरबाई : माले बदली टाक. बठ्ठास्मा जुना पार्ट मीच शे.

लता : तुमचे पार्ट मिळत नाहीत, आई. भडगावलाही विचारून झालं.

झुंबरबाई : दखं का, बन्सी? सासूना पार्ट इचारत फिरस. मन्ही सून शे ही.

बन्सीलाल : अक्का, तुम्ही दोघी एकदम बोलू नका, मला यंत्राचा आवाज ऐकू द्या. हं. वहिनी, तक्रार परत एकदा सांगा. सकाळी कशी असते पेटी?

लता : सकाळी दगड. कुल्फीचा साचा डोक्यात घातला तर माणूस आडवा होईल. मग जेवणं झाली की मी शिवणाच्या क्लासला जाते. संध्याकाळी येऊन झाकण उघडावं तर आत खीर. उन्हं वाढली तसं हे रोजचंच झालंय.

बन्सीलाल : दुपारी लाइट जात असेल.

लता : शेजारी विचारलं. लाइट असते. सगळ्यांचे पंखे चालू असतात. दुपारी फक्त आमच्याच घरात काहीतरी होतं.

झुंबरबाई : मनाकडे काय दखस?

लता : तुमच्याकडे कुठे? मी भिंतीकडे बघतेय. भिंतीपुढे तुम्ही बसलात.

बन्सीलाल : अक्का, रागावू नका, विचारायलाच पाहिजे. या पेटीच्या आवाजाने दुपारची झोप मोडते म्हणून तुम्ही बटण बंद करता का?

झुंबरबाई : मी? त्या बटणले हात लाया व्हई तं हात झडी जावोत मन्हा!

लता : शपथा नका घेऊ. पण पेटी आली त्या दिवशी काय म्हणालात, ते सांगा बन्सीभाऊंना.

झुंबरबाई : काय म्हनं मी? माले याद नही.

लता : मला आहे. अख्खी गल्ली ट्रकभोवती जमलेली, चार माणसं पेटी उतरवताहेत, आणि तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "लोकेस्न्या सुना माहेरथून पाटल्या आनतीस. मन्ही सूननी मढं ठेवानी पेटी आनी."

बन्सीलाल : मढं?

झुंबरबाई : मंग दिसस कशी ती? लांब, पांढरी, नि वर झाकन. मनमा उनं ते तोंडमा उनं.

बन्सीलाल : खोटं नाही बोलल्या, वहिनी. मी पहिल्यांदा आलो तेव्हा मलाही...

लता : तुम्ही आत बघा. गप्पा नंतर.

बन्सीलाल : बघतोय ना. झाकणावर हे पिठाचे डबे कोणी रचलेत? झाकण वाकतं अशानं.

लता : मीच ठेवलेत.

झुंबरबाई : आते तोंड कोनाकडे कर व्हई?

लता : भिंतीकडेच करते, आई. काढते डबे. बन्सीभाऊ, आज काय तो निकाल लावा. दुरुस्त होते तर होते म्हणा, नाही तर नाही म्हणा. पाचोऱ्याहून टेम्पो निघालाय.

बन्सीलाल : कसला टेम्पो?

लता : नथ्थूभाऊंचा. स्टेशनसमोर त्यांची रसवंती आहे ना, त्यांना पेटी पाहिजे. यांनी शब्द देऊन ठेवलाय. बन्सीने आज बघितलं आणि जमलं नाही, तर घेऊन जा म्हणाले.

बन्सीलाल : भिकनभाऊ मला काही बोलले नाहीत!

लता : ते चोपड्याच्या एसटीवर ड्यूटीला गेलेत. जाताना म्हणाले, घरात रोज एकाचं तोंड लटकलेलं बघायचं, त्यापेक्षा ती पेटीच नको.

बन्सीलाल : कोणाचं तोंड?

झुंबरबाई : हिनं.

लता : माझं.

बन्सीलाल : हे एक बरं झालं. दोघींचं एकमत झालं.

लता : हसताय काय? उद्या मंदाबाईंच्या नातीचं बारसं आहे. कुल्फीचं काम मला दिलंय त्यांनी. खिडकीतून पोरांना विकते ते वेगळं. हे पहिलं बाहेरचं काम. आटवलेलं दूध आत साच्यांत भरून ठेवलंय. ते जमलं नाही तर उद्या मंदाबाईंच्या दारात मी काय घेऊन जाऊ, पातेलं आणि चमचे?

झुंबरबाई : बासुंदी म्हनीसनी वाढी दे.

लता : आई!

झुंबरबाई : नही, आशेच म्हनं. चव तं तीच ऱ्हास.

लता : तुम्हाला कशी माहीत चव?

झुंबरबाई : मालूम शे.

लता : म्हणजे दुपारी एखादी कुल्फी कमी होते ती...

झुंबरबाई : दात नही मन्हा. चावस नही मी. नुसती जिभवर ठेवस नि ती आपली आपली जास.

बन्सीलाल : झाकण दुपारी उघडतं, हे तरी कळलं. पण एका कुल्फीसाठी उघडलं म्हणून सगळ्याची खीर होणार नाही. मला वाटतं, वहिनी, गॅस गेला.

झुंबरबाई : गॅस? त्यामा गॅस शे? नि मी हिना आंगे बशीसनी स्टो पेटावस! माय वं!

बन्सीलाल : तो गॅस जळणारा नाही, अक्का. थंडावा करणारा आहे.

झुंबरबाई : मंग त्याले गॅस काबरं म्हनतस? दुसरं नाव नही भेटनं?

लता : गॅस गेला म्हणजे काय करावं लागेल?

बन्सीलाल : पेटी दुकानात न्यावी लागेल. पाइप कापून बघावा लागेल. कॉम्प्रेसरही थकलाय असं वाटतं. सुरू होतो, थरथरतो आणि बंद पडतो. जुनाच आहे ना. धुळ्याला किती वर्षं चालला कोण जाणे.

लता : माझ्या भावाच्या दुकानात होता. आग्रा रोडवर. तिथे कधी नाही थरथरला.

बन्सीलाल : तिथे नवा होता. वहिनी, खरं सांगू? मला नाही वाटत उद्यापर्यंत होईल. नथ्थूभाऊंचा टेम्पो येतोच आहे, तर...

लता : तर काय?

बन्सीलाल : काही नाही. मी आपलं म्हणालो.

झुंबरबाई : तू आपलं म्हनू नको. तुले दुरुस्तीले बलावं शे, इकाले नही.

लता : राहू द्या, आई. त्यांचं बरोबर असेल. दुकान बंद झालं तेव्हा माझी वहिनी म्हणाली होती, भंगारात द्या. मी माहेरात कधी काही मागितलं नव्हतं. लग्नातही नाही. पहिल्यांदा तोंड उघडून हीच मागितली. भाऊ म्हणाला, एवढी मोठी वस्तू ठेवशील कुठे? मी म्हटलं, सासूबाई कुठेही झोपतील.

झुंबरबाई : आशे म्हनी तू?

लता : म्हटलं.

झुंबरबाई : आनि तशेच व्हयनं! मन्ही खाट सरकाडीसनी आठे मांडी!

बन्सीलाल : वहिनी, एक मिनिट. इकडे या. हात लावा पत्र्याला. बाहेरून.

लता : बाई गं! तव्यासारखा आहे.

बन्सीलाल : दोन्ही अंगांनी तसाच. समोरूनही. असा नसतो तापत. कोमट असतो. खोलीत ऊन येत नाही, पंखा आहे... आणि मागे बघा. केवढा कापूस! धुळ्याचा डीप फ्रीजर आहे की गिरणी?

लता : मागच्या दोन वेळी मागे नव्हतं बघितलं वाटतं?

बन्सीलाल : मागच्या वेळी... भिंतीला चिकटवून ठेवलेली. कोण सरकवणार?

लता : म्हणजे न बघताच रबर बदललं.

बन्सीलाल : रबर पण खराबच होतं, वहिनी. देवाशपथ. आणि हे काय अडकलंय बिजागरीत? दोरा आहे. लाल.

लता : बघू.

झुंबरबाई : उंदीर शेतीन. उंदीरनं काम शे ते.

लता : हा मशीनचा दोरा नाही. जाड आहे, हातशिलाईचा. पीळ देऊन मेण लावलंय.

बन्सीलाल : मेण लावणारा उंदीर आपल्या मेहरूणमध्ये मी तरी बघितला नाही.

लता : आई, आज दार उघडायला वेळ का लागला?

झुंबरबाई : मी माळ जपत व्हतू.

लता : रोज मी संध्याकाळी येते. आज बन्सीभाऊंना दुकानातून घेऊन लवकर आले. कडी वाजवली, तर आतून धडपड ऐकू आली. माळ जपताना धडपड?

झुंबरबाई : माळना मनी पडना व्हई.

लता : जरा उठा.

झुंबरबाई : काबरं? मी तं बशेल शे.

लता : तेच. आम्ही आलो तेव्हापासून बसल्या आहात. बन्सीभाऊंना पाणी द्यायलाही उठला नाहीत. तुम्ही! कशावर बसलात?

झुंबरबाई : फरशी टोचस.

लता : उठा, आई.

झुंबरबाई : गुडघा आखडना शे मन्हा.

लता : बन्सीभाऊ, तो हात धरा. हा मी धरते. हळू. हं... गोधडी! बाहेर कुत्रीसुद्धा सावली शोधताहेत, आणि तुम्ही गोधडीवर?

बन्सीलाल : गरम आहे हो. हात लावून बघा. पेटीइतकीच गरम.

लता : आई. ही गोधडी पेटीवर होती?

झुंबरबाई : व्हती.

लता : रोज दुपारी?

झुंबरबाई : तू गई का घालस. तू येवाना पहिले काढी लेस.

लता : कशासाठी?

झुंबरबाई : हिव भरस तिले.

बन्सीलाल : काय भरतं?

झुंबरबाई : हिव! थंडी वाजीसनी ताप! आते तू हात लाया ना? आंग कशे तापेल व्हतं? नि मझारमा बर्फ. वरथून ताप, आतमा थंडी, नि मंग थरथरस, थरथरस, दात वाजतस तिना. भिकन ल्हाना व्हता तवय त्याले असंच हिव भरे. मी काय करू? दखत बसू?

बन्सीलाल : वहिनी, मला... मला जरा बाहेर जाऊन हसून येऊ द्या.

लता : इथेच हसा. मीही हसतेय. आई, अहो यंत्र आहे ते!

झुंबरबाई : मालूम शे माले यंत्र शे. पन थरथरस ना? आनि तूच सांगं व्हतं.

लता : मी? गोधडी घाला म्हणून?

झुंबरबाई : "आई, मी नसले की पेटी झाकून ठेवत जा." बोलनी का नही?

लता : झाकण! झाकण नीट लावत जा म्हणत होते मी!

झुंबरबाई : झाकन नही म्हनी. झाक म्हनी. झाकनं म्हंजे पांघरून घालनं. बन्सी, तूच सांग.

बन्सीलाल : मला मध्ये घेऊ नका, अक्का. पण ऐका, या पेटीचं असं आहे. आतली गरमी तिला अंगातून बाहेर टाकावी लागते. या पत्र्याच्या आत नळ्या फिरवल्यात, त्यातून ती गरमी बाहेर पडते. तुम्ही पांघरूण घातलंत, गरमी कोंडली, मग ती आणखी तापली आणि आणखी थरथरायला लागली.

झुंबरबाई : नि ती थरथरनी तं मी आखो घट्ट खोसं. तिन्ही बाजूले.

बन्सीलाल : घट्ट पण!

लता : शेवटी धाप लागून बंद पडायची बिचारी. आणि आत खीर.

झुंबरबाई : माय वं. म्हंजे हिव मीच भरं तिले.

लता : तुम्ही एकट्या नाही. मी भिंतीला चिकटवून ठेवली. बन्सीभाऊंनी मागे वाकूनसुद्धा बघितलं नाही. तिघांनी मिळून आजारी पाडली.

बन्सीलाल : माझं नाव उगाच घेतलंत. मी सरकवतो आता. धरा त्या बाजूने. अजून... बास. भिंत आणि पेटीमध्ये हात जाईल एवढी जागा कायम ठेवायची. ब्रश द्या, हा कापूस काढतो. थोडी निवू दे, मग बटण लावू.

लता : चालेल ना मग?

बन्सीलाल : चालायला पाहिजे.

लता : पाहिजे की चालेल?

बन्सीलाल : वहिनी, इतके दिवस गोधडीत कोंडून कॉम्प्रेसरचं काय झालंय, ते बटण लावल्यावर कळेल. छातीठोक कसं सांगू?

लता : आई, लपवलंत कशाला पण? मला सांगायचं ना.

झुंबरबाई : कशे सांगू? बठ्ठी गल्लीसमोर मी तिले मढानी पेटी म्हनेल. नि आते तिलेच पांघरून घालस म्हनू? तू हसती.

लता : हसले असते.

झुंबरबाई : मंग.

लता : ही तर तुमच्या आईची गोधडी.

झुंबरबाई : हा.

लता : पिंकी झाली तेव्हा मी मागितली होती. बाळंतिणीच्या खोलीत वारं येत होतं. तुम्ही दुसरी दिलीत, नवी. म्हणालात, ती मी कोनलेच देत नही.

झुंबरबाई : जुनी शे ती. मन्ही मायनं लुगडं शे तिनामा. धुई तं फाटस.

लता : पेटीवर घालून नाही फाटत?

झुंबरबाई : पेटी लाथा नही मारत.

बन्सीलाल : हे बरोबर.

लता : तुम्ही ब्रश मारा, बन्सीभाऊ. नाही आई, मला राग नाही. फक्त विचारतेय. मला नाही दिली, यांना, तुमच्या लेकालाही देत नाही. आणि पेटीला दिली.

झुंबरबाई : तुले काय सांगू आते.

लता : सांगा की.

झुंबरबाई : पेटी बिघडनी का तू जेवस नही. पयले दिवस कुल्फी पानी व्हयनी, तू ताटवर बसनी नि उठी गई. दुसरा दिवस तेच. भिकनले दिससच नही, तो पेपर वाचत जेवस. माले दिसस. माले वाटनं, पेटीले बरं वाटी तं तू जेवशी. म्हनीसनी चांगली गोधडी घाली. दुसऱ्या बठ्ठ्या पातळ शेत.

बन्सीलाल : वहिनी, बॅटरी खाली गेली. मला दिसत नाहीये काही.

लता : घ्या. धरलीय.

बन्सीलाल : कानावर नको.

लता : हो हो.

बन्सीलाल : निवलाय पत्रा. लावू बटण? अक्का, देवाचं नाव घ्या.

झुंबरबाई : तू बटण लाव. देवनं मी दखस.

बन्सीलाल : हं... लागला. ऐका. थरथर नाही.

लता : थोडी आहे.

बन्सीलाल : ती सुरुवातीची. बघा, बसला आवाज. पण आत्ताच काही बोलू नका. जरा वेळ चालू दे. पूर्वी पण सुरू व्हायचाच.

(बाहेर टेम्पोचा हॉर्न.)

लता : आला.

बन्सीलाल : थांबवा त्याला. चहा द्या. तासाभरात नक्की कळेल मला.

लता : तो थांबणार नाही. उजेडात पाचोऱ्याला परत पोचायचंय म्हणून निरोप होता. आत्ताच काय ते सांगावं लागेल. आणि आज परत पाठवला तर ते दुसरी पेटी बघतील. उद्या ही बंद पडली तर हिला भंगारवालाच. बन्सीभाऊ, तुम्ही सांगा. ठेवू?

बन्सीलाल : मी कसं सांगू? तुमची वस्तू.

लता : हे काय म्हणतील? शब्द दिलाय त्यांनी.

झुंबरबाई : सर बाजूले. माले जाऊ दे दारले.

लता : आई, तुम्ही कुठे...

झुंबरबाई : कोन शे रे भाऊ? नथ्थूभाऊना मानूस का? हा, हेच घर. पेटी नही भेटाव! ... नही म्हनं ना. ... भिकननी शब्द दिधा व्हई. त्याले मी सांगसू, त्यानी माय शे मी. ... बिघडेल? कोन म्हनं बिघडेल? हिव भरेल व्हतं तिले. उतरनं. ... अरे, मन्ही सूननं माहेर शे ते! माहेर कोनी टेम्पोमा घालीसनी देस का? ... हा. नथ्थूभाऊले राम राम सांगजो. उनमा उना शे, पानी पी नि जाय. ... कुल्फी? आज नही जमेल. परवा ये.

बन्सीलाल : वहिनी, पाणी द्या त्याला. तुम्ही का उभ्या राहिलात?

लता : देते. देते.

बन्सीलाल : अक्का, मोठी जोखीम घेतलीत. उद्या बंद पडली तर भिकनभाऊ माझ्या नावाने शंख करतील.

झुंबरबाई : बंद पडाव नही. नि पडनी तं तू शेच ना. चौथांदा ये. आखो रबर बदल.

लता : गेला टेम्पो. मुकाट्यानं गेला. दोन लोटे पाणी प्यायला आणि मला म्हणाला, तुमच्या सासूबाई कोर्टात पाहिजे होत्या.

झुंबरबाई : पेटी चालस का?

बन्सीलाल : चालतेय. आवाज एकसारखा आहे. अशीच राहिली तर पहाटेपर्यंत दगड. आता फक्त झाकण कोणी उघडायचं नाही. कुल्फीसाठीसुद्धा नाही.

झुंबरबाई : मनाकडे काय दखस?

बन्सीलाल : भिंतीकडे बघतोय, अक्का.

लता : अगं बाई!

झुंबरबाई : काय व्हयनं? पेटी काबरं चूप व्हयनी? बन्सी, मी हात नही लाया हा! दूर उभी शे मी!

बन्सीलाल : पंखा पण थांबलाय. लाइट गेली, अक्का. गल्लीची गेली सगळी.

लता : आत्ताच जायची होती! आत सगळं कोवळं आहे अजून. कधी येईल?

बन्सीलाल : आली तर अर्ध्या तासात, नाहीतर रात्र. घाबरू नका. बंद असताना ती गरमी टाकत नाही. तेव्हा आतली थंडी आत राहिली पाहिजे, एवढंच. जाड काहीतरी वरून घालून ठेवा. पोती असतील घरात?

लता : लाइट नसताना घातलं तर चालतं?

बन्सीलाल : चालतं काय, घालायलाच पाहिजे. लाइट आली की लगेच काढायचं. पोती नसतील तर मी दुकानातून आणतो.

लता : पोती कशाला? आई, ती गोधडी द्या.

झुंबरबाई : मन्ही?

लता : तुमचीच. बाकीच्या पातळ आहेत.

झुंबरबाई : बरं. तू त्या आंगथून धर. वढू नको, मायनं लुगडं शे. आनि नीट खोस, पोरी. पाय उघडा नको राहूत तिना.